रापण आणि रॅम

आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये रोज कोणी ना कोणी मरत असते आणि आपल्याला त्याचे सोयरसुतक नसते. मोबाइल वरून धडधाकट दिसतो. वेळ बरोबर दाखवतो, सुप्रभातचे गुलाब इमानेइतबारे उतरवून घेतो. पण आत एखादे ॲप गेलेले असते. कधी ‘अमुक ॲप थांबले आहे’ अशी पाटी झळकते. बहुतेकांच्या नशिबी तेवढाही मान नसतो. पडद्यामागे राबणारा एखादा तुकडा कोसळतो, मोबाइल त्याच्या जागी दुसरा उभा करतो आणि आपण बोटाने पुढची रील सरकवतो.

नोंद मात्र होते. अँड्रॉइडच्या पोटात, सामान्य माणसाचे बोट पोचणार नाही अशा जागी, ‘टूमस्टोन्स’ नावाचा एक कप्पा आहे. थडग्यांवरचे दगड! हे नाव ठेवणारा इंजिनिअर त्या दिवशी फारसा खुशीत नसावा. प्रत्येक दगडावर एका मृत्यूची हकिगत असते. कोण गेला, किती वाजता गेला, कोणत्या सिग्नलने गेला, त्या क्षणी कोणते काम कोणाच्या सांगण्यावरून चालले होते, त्या सांगणाऱ्याला कोणी सांगितले होते, अशी मागे मागे जाणारी साखळी. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक दगडांवर ११ क्रमांकाचा सिग्नल असतो. अर्थ असा की, जिथे काहीच नाही किंवा जिथे आपला अधिकार नाही अशा पत्त्यावर हात घातला आणि जागच्या जागी गेला. जुन्या अँड्रॉइडमध्ये असे १० दगड मावत. नव्या आवृत्त्यांत ३२ मावतात. त्यापुढे कोणी गेला की सगळ्यांत जुना दगड पुसायचा आणि त्याच्याच जागी नवी अक्षरे कोरायची. जागेची टंचाई मेल्यावरही चुकत नाही.

हे दगड गोळा करणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. कंपनी पुण्याची. टाळेबंदीत ‘जरा घरी जाऊन येतो’ म्हणून मालवणला आलो आणि दांडीच्या किनाऱ्याजवळच्या घरात तसाच रुजलो. माडीवर एक लांब टेबल आहे. त्यावर निरनिराळ्या कंपन्यांचे, निरनिराळ्या वयांचे मोबाइल कायम चार्जिंगला लावलेले असतात. खिडकीतून ते दिसतात, त्यामुळे मी मोबाइल विकतो अशी वाडीतल्या अर्ध्या लोकांची समजूत आहे आणि दुरुस्त करतो अशी उरलेल्या अर्ध्यांची. शेजारच्या काकी दुसऱ्या पक्षातल्या.

“ह्या मोबाइलाक काय झालाहा बघ रे. चार्जिंगच धरणा नाय.”

“काकी, मी मोबाइल दुरुस्त करणंय नाय. ते मरतत कित्याक, ता बघतंय.”

काकीने चष्मा कपाळावर चढवला. टेबलावरच्या मोबाइलांकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. “मेल्यार बघून काय उपेग? जितो आसताना बघ मा!”

आमच्या क्षेत्रातल्या मोठमोठ्या परिषदांत याच मुद्द्यावर तास तास बोलतात.

मेल्यावर बघायचे ते काय, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल. संगणकाची काम करायची जागा आणि सामान ठेवायची जागा वेगवेगळी असते. काम करायची जागा म्हणजे रॅम. तिथे प्रोग्राम आपला सगळा पसारा मांडून बसतो. तो अचानक कोसळला की पसारा तसाच उरतो. तो जसाच्या तसा, काहीही न आवरता, एका फाइलमध्ये उतरवून घ्यायचा, याला मेमरी डम्प म्हणतात. ही रीत मोबाइलपेक्षा फार जुनी आहे. चुंबकीय मेमरीच्या काळापासून चालत आलेली.

त्या मेमरीचे एक घराणे आपल्या मुंबईतही होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कामाला लागला; १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे बारसे केले. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तारांच्या जाळीत कडी ओवलेली, एका कड्यात एक बिट. मेमरीत २,०४८ शब्द आणि प्रत्येक शब्द ४० बिटचा, म्हणजे ऐंशी हजारांवर कडी. हिशेब केला तर सगळी मिळून १० किलोबाइट. काकी सकाळी साडेपाचला गटावर जो गुलाब पाठवतात, तो एकटा याच्या दसपट भरतो. त्या १० किलोबाइटमध्ये देशातल्या शास्त्रज्ञांनी गणिते सोडवली. आम्ही ८ जीबी रॅममध्ये, म्हणजे आठ लाखांवर टिफ्रॅक मावतील एवढ्या जागेत, मासळीचे भाव दाखवणारे एक ॲप चालवतो आणि तेही मधेच पडते.

त्या कड्यांचा एक गुण आजच्या रॅमला नाही. वीज गेली तरी कडी विसरत नसत. वाचताना मात्र पंचाईत व्हायची: कड्यातले वाचले की ते पुसले जाई, म्हणून वाचून झाल्यावर तेच पुन्हा लिहून ठेवावे लागे. आजच्या रॅमची तऱ्हा निराळी. ती वाचली काय, न वाचली काय, वीज आहे तोवरच तिचे लक्ष. तिच्यातली आठवणसुद्धा बारीक बारीक धारित्रांत साठवलेली, सतत गळणारी. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळे पुन्हा भरत राहावे लागते. मालवणात पावसाळा काढलेल्या माणसाला, वीज गेल्यावर उरणाऱ्या आठवणींचे मोल वेगळे सांगायला नको.

असा डम्प पहिल्यांदा उघडून पाहणारा माणूस बिचकतोच. सोळा-सोळा बाइटच्या ओळी. डावीकडे पत्ता, मधे जोडीजोडीने आकडे आणि अक्षरे, उजवीकडे वाचता येण्यासारखे असेल तेवढे अक्षर आणि बाकी सगळीकडे टिंबे. अशा लाखो ओळी. ॲपचे काम चालू असताना समोर जे जे होते ते सगळे यात आलेले असते: हवे ते, नको ते, कालचे उरलेले, कोणीतरी वापरून टाकलेले, दुसऱ्याने अर्धवट भरलेले.

रापण ओढताना ज्याने पाहिली आहे त्याला हा ढीग ओळखीचा वाटेल. होडी किनाऱ्यावरून निघते, अर्धवर्तुळात जाळे टाकत टाकत पुन्हा किनाऱ्याला येते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून दोन तांडे उभे राहतात आणि ओढायला लागतात. तास तास ओढतात. ओढता ओढता दोन्ही तांडे एकमेकांकडे सरकतात आणि शेवटी जाळ्याचे पोट वाळूवर येते. त्यात बांगडे असतात, तारल्या असतात, पेडवे असतात, नशीब असेल तर एखादी इसवण. शिवाय फुगलेला केंड असतो, थलथलीत जेलीफिश असतात, शेवाळ, प्लास्टिकची बाटली, एका पायाची चप्पल. समुद्राच्या त्या तुकड्यात त्या वेळी जे होते ते सगळे आले. जाळ्याला निवड नसते. वर घारी, बाजूला कुत्रे, आणि पाट्या घेऊन उभ्या असलेल्या बायका, ज्यांची नजर घारींपेक्षा तेज. (हल्ली रापणीला पूर्वीसारखी मासळी लागत नाही. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून या किनाऱ्यावर काय काय झाले ते मालवणकरांना माहीत आहे आणि बाकीच्यांना एका कंसात सांगता येणार नाही.)

मला कौतुक वाटते ते पुढच्या दहा मिनिटांचे. एवढा वळवळता ढीग, पण कागद नाही, पेन्सिल नाही. हात चालतात आणि बघता बघता ढिगाचे चार-पाच ढीग होतात. लिलाव लागतो, ओढणाऱ्यांचे वाटे पडतात, किनारा मोकळा. एकदा तिथल्या एका वयस्क आबांना मी विचारले की, एवढ्यातून नेमकी मासळी तुम्हाला इतक्या झटकन दिसते कशी. त्यांनी एक केंड शेपटीला धरून लांब भिरकावला आणि म्हणाले, “सगळा बघीत बसलंस तर सांज होतली. नको ता आदी काढूचा. मगे उरता ती मासळी.”

डम्प हाताळणाऱ्या स्क्रिप्टचे, म्हणजे आपोआप निवड करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे, मर्म इतक्या कमी शब्दांत मला कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही. नवशिका माणूस स्क्रिप्ट लिहायला बसतो तेव्हा हवे ते शोधायला निघतो. चुकीची ओळ शोध, संशयित नाव शोध. पण संशयित कोण हेच माहीत नसते, म्हणून तर डम्प उघडलेला असतो. मुरलेला माणूस आधी नको ते काढतो. मोबाइलच्या स्वतःच्या ग्रंथालयांतल्या त्याच त्या ओळी काढा, नेहमी झोपलेले धागे काढा, कोऱ्या पानांची शून्ये काढा. हजार ओळींतल्या दहा-बारा उरतात आणि त्यात आपल्याच कोणाचे तरी नाव दिसते. अनेकदा स्वतः पुण्याच्या साहेबांचे. ते कसे कळवायचे, हे स्क्रिप्टला शिकवता येत नाही.

माझी स्क्रिप्ट मोबाइलवरच राहते. रोज एवढे ढीग माडीवरून पुण्याला पाठवायचे म्हटले तर इथले नेटवर्क हात टेकेल. म्हणून निवडायचे ते जागेवरच निवडायचे आणि कामाचे तेवढेच धाडायचे. तिची कामाची वेळही मोठी झोकात ठरलेली आहे. मोबाइल चार्जिंगला हवा, वाय-फाय हवे, आणि कोणी त्याला हात लावत नसायला हवा. या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय ती उठत नाही. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून अशी सोयच आहे. कामे नोंदवून ठेवायची, मोबाइल निवांत झाला की तो स्वतः ती उरकतो. दुपारी एक ते चार ज्या गावात दुकानांची दारे लागतात, तिथे हे शिकवायला अमेरिकेहून कोणी यायची गरज नव्हती.

उठल्यावर पहिली गोष्ट, फाइल पुरी लिहून झाली आहे का ते बघायचे. मोठा डम्प उतरायला वेळ लागतो. अर्ध्यावर असतानाच उचलला तर ना तो वाचता येतो, ना पुन्हा मिळतो. म्हणून स्क्रिप्ट फाइलचे आकारमान बघते, थोडे थांबते, पुन्हा बघते. वाढत नसेल तरच हात लावते. जाळे पाण्यात असताना कोणी मासे उचलायला धावत नाही, तसेच.

दुसरी गोष्ट, हा मृत्यू नवा आहे की जुनाच. हे वाटते त्याहून अवघड आहे. प्रत्येक वेळी प्रोग्राम सुरू होताना त्याचे भाग मेमरीत मुद्दाम वेगवेगळ्या जागी बसवतात. चोराला घराचा नकाशा पाठ होऊ नये, हा त्यातला हेतू. पण त्यामुळे तोच प्रोग्राम त्याच कारणाने दोनदा पडला तरी दगडांवरचे पत्ते वेगळे. पत्ता बाजूला ठेवून, कोणत्या भागात, कोणत्या फंक्शनमध्ये, त्याच्या सुरुवातीपासून किती अंतरावर पडला, एवढेच घ्यायचे आणि त्यावरून ओळख पटवायची. ओळख पटली की पहिला ठेवायचा, बाकीचे फक्त मोजायचे. ‘हाच, आणखी ४० वेळा’ एवढी एक ओळ पुण्याला पुरते.

हे मोजणे का लागते, तर काही ॲपांचा स्वभाव फार हट्टी असतो. उठायचे, पडायचे, नोंद करायची. पुन्हा उठायचे, पुन्हा पडायचे, पुन्हा नोंद. प्रत्येक डम्प काही मेगाबाइटचा असला तर सकाळपर्यंत मोबाइलची साठवण भरते. साठवण भरली की दुसरी, तोवर सुखाने नांदणारी ॲपेही जागेअभावी पडायला लागतात आणि त्यांच्याही नोंदी करायच्या असतात. मरणाच्या नोंदी ठेवता ठेवता सगळा मोबाइल मरणपंथाला लागतो. सरकारी कचेरीत ज्याने आयुष्य काढले आहे तो हे वाचून हसेल. मी त्याचे नाव विचारणार नाही.

ॲपांना आपल्या मागच्या जन्माबद्दल कुतूहल असते हे मला २०२० साली अँड्रॉइड ११ आल्यावर कळले. त्या आवृत्तीपासून ॲप नव्याने सुरू होताना मोबाइलला विचारू शकते की, बाबा रे, मागच्या खेपेला मी कसा गेलो? आणि मोबाइल खरे ते सांगतो. स्वतःच्या चुकीने गेलास. विचारणाऱ्याला वेळेत उत्तर दिले नाहीस म्हणून तुला काढले. मेमरी कमी पडत होती, तू फारसा कामाचा नव्हतास, म्हणून तुझा बळी दिला. किंवा सगळ्यांत झोंबणारे: मालकानेच तुला बंद केले. एवढे स्पष्ट उत्तर मिळायला आपल्याकडे देवापुढे कौल लावावा लागतो आणि तिथेही कळी डावी पडली की उजवी यावर वाद होतात.

आता जरा नाजूक गोष्ट. पसारा जसाच्या तसा उचलायचा म्हटले की त्यात परक्याच्या घरातले काहीबाही येणारच. टेबलावरचे मोबाइल चाचणीचे, त्यातली माणसे खोटी. नाव ‘टेस्ट’, आडनाव ‘टेस्ट’, जन्म १ जानेवारी. पण चाचणी करणारी मुले खरी असतात. मधल्या सुट्टीत त्याच मोबाइलवर ती आपलेही काही उरकतात. एका डम्पमध्ये मला चतुर्थीच्या सामानाची सबंध यादी मिळाली होती, गणपतीवरच्या माटवीला काय काय बांधायचे त्यासह. यादी करणारा सावंतवाडीकडचा असणार, कारण काजूगर कोणाकडून आणायचे याबद्दल ठाम सूचना होत्या.

म्हणून निवडण्याआधी पुसायचे हे ओघाने आले. फोन नंबर, ओटीपी, नावे, पासवर्ड ओळखून त्यावर काळे फासणारी तयार साधने मिळतात. फक्त ती ज्यांनी लिहिली त्यांच्या गावी मराठी नसावी. इंग्रजी मजकूर ती पुसतात, मराठीवरून डोळे मिटून पुढे जातात. त्यांच्या लेखी मराठी म्हणजे उजवीकडची ती टिंबे. डम्पमध्ये मराठीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते आणि पहिले दोन बाइट बहुतेक वेळा तेच: ई-शून्य आणि ए-चार, नाहीतर ई-शून्य आणि ए-पाच. काही दिवस डोळे फोडले की आकड्यांच्या त्या रानात ई-शून्य, ए-चार अशी ठराविक अंतराने येणारी चाल नुसत्या नजरेला जाणवते आणि इथे कोणीतरी मराठीत बोलले आहे हे कळते. काय बोलले ते न वाचता पुसायचे, एवढा नियम मी स्क्रिप्टला वेगळा लिहून दिला. त्याच हिशेबात एक गोष्ट लक्षात आली. इंग्रजीतला मॅकरेल ८ बाइटमध्ये भागतो. आमच्या बांगड्याला १८ लागतात. बाजारातही तो महागच झाला आहे.

ही पुसापुशी म्हणजे माझ्यासारख्या किरकोळ माणसाची सोवळ्याची हौस नव्हे. २०२३ साली मायक्रोसॉफ्टच्या ईमेल यंत्रणेत हेर शिरले. अमेरिकेतल्या बड्या सरकारी अधिकाऱ्यांची पत्रे वाचली गेली. ज्या गुप्त किल्लीच्या जोरावर हे झाले ती त्यांच्या हाती लागली कशी, याचा शोध घेताना कंपनीने त्या सप्टेंबरमध्ये असे सांगितले की, एप्रिल २०२१ मध्ये एक यंत्रणा कोसळली, तिच्या डम्पमध्ये ती किल्ली चुकून आली असावी, आणि तो डम्प कडेकोट जागेतून तपासणीच्या साध्या जागेत आणताना कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे मार्च २०२४ मध्ये त्यांनीच खुलासा केला की, किल्ली असलेला असा डम्प आम्हाला काही सापडलेला नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक, आणि आपल्याच ढिगात काय होते ते तिला सांगता येईना. ढीग ठेवण्यापेक्षा निवडून मोकळे व्हावे, असे मी पुण्याच्या बैठकांत सांगत असतो. ‘असू दे, लागेल कधीतरी’ असे उत्तर येते. हे वाक्य मी माझ्या आजीच्या माळ्याखाली उभे राहूनही ऐकले आहे.

परक्याची रॅम मुद्दाम वाचणारेही लोक आहेत आणि त्यांची एक करामत मला फार आवडते. वीज गेली की रॅम विसरते हे खरे, पण क्षणात नाही, हळूहळू विसरते. आणि थंडीत आणखी हळू, कारण गळती मंदावते. २००८ साली अमेरिकेत प्रिन्स्टनच्या मंडळींनी हे लॅपटॉपवर करून दाखवले. २०१३ साली जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी तेच मोबाइलवर केले. गॅलेक्सी नेक्सस नावाचा फोन घेतला, उणे १५ अंशांच्या फ्रीझरमध्ये तासभर ठेवला, बाहेर काढून बॅटरी क्षणभर सोडवली, पुन्हा लावली आणि आपला प्रोग्राम चालू केला. गारठलेल्या रॅमला अजून बरेच काही आठवत होते: पाहिलेली संकेतस्थळे, फोटो, वाय-फायचे पासवर्ड, आणि ज्या कुलपाने सगळा मोबाइल बंद केलेला असतो त्याची किल्लीसुद्धा. त्या फोनची बॅटरी काढता येत होती म्हणून हे जमले. आजच्या फोनच्या पाठी डिंकाने चिकटवलेल्या. बॅटरी काढेपर्यंत रॅम सगळे विसरून मोकळी.

हे काकीला सांगितले, कारण आमच्या घरातला फ्रीझर बर्फाचे दोन साचे मावतील एवढाच आणि त्यांच्या मोठ्या फ्रीझरकडे माझे जरा लक्ष होते. त्या शांतपणे ऐकून घेत होत्या, निदान मला तसे वाटले.

“माझ्या बांगड्यांच्या बाजूक तुझो मोबाइल ठेवलंस तर तुका जेवूक घालूचंय नाय,” एवढे बोलून त्या तांदूळ निवडायला बसल्या. विज्ञानाची एक शाखा मालवणात रुजता रुजता राहिली.

काकीच्या मूळ प्रश्नाला, मेल्यावर बघून काय उपयोग, याला खरे उत्तर अर्धेच आहे. डम्प सांगतो तो कुठे पडला. का पडला हे बहुतेक वेळा सांगत नाही. कारण ज्याने घोळ घातला तो केव्हाच निघून गेलेला असतो. मेमरीचा एक तुकडा कोणीतरी वापरून परत केला, पण पत्ता खिशात तसाच ठेवला. तो तुकडा दुसऱ्याला मिळाला. मग पहिल्याने जुन्याच पत्त्यावर जाऊन काहीतरी लिहिले. त्या क्षणी काहीच होत नाही. बऱ्याच वेळाने एक तिसराच, ज्याचा या व्यवहाराशी संबंध नाही, तिथले वाचायला जातो आणि पडतो. दगडावर नाव या तिसऱ्याचे. वडिलोपार्जित जमिनीचे सात-बारा ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पुढचे समजावून सांगायला नको.

असा घोळ पकडायचा माझा मार्ग एकच: तो पुन्हा घडवून आणायचा. जे झाले ते सगळे तसेच पुन्हा करायचे आणि या वेळी जागेपणी बघायचे. आणि इथे मालवणचे भाग्य उघडते. पुण्यात ते मासळीच्या भावांचे ॲप पडतच नाही. तिथले नेटवर्क एकदा लागले की लागले. इथे जिना चढताना चार काड्या, माडीवर दोन, खिडकीत शून्य, आणि गॅलरीत उजव्या पायावर उभे राहिले तर पुन्हा तीन. मासळीच्या भावांची यादी निम्मी उतरते, टॉवर बदलतो, उरलेली निम्मी भलत्याच मागणीचे उत्तर म्हणून येते आणि ॲप बिचारे त्या गोंधळात प्राण सोडते. चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी आले की एकेका टॉवरवर जत्रा भरते. त्या आठवड्यात माझे दगड एरवीच्या कितीतरी पट. तौक्ते वादळाच्या वेळी, मे २०२१ मध्ये, वीज आणि नेटवर्क दोन्ही जाऊन बसली, तेव्हाच काय ती कामाला सुट्टी. पडायलाही आधी उठावे लागते.

सुरुवातीला पुण्याच्या साहेबांना माझे इथे राहणे पसंत नव्हते. “तिकडे नेटवर्क कसं आहे?” हा प्रश्न दर बैठकीत. आता तेच चाचणीचे नवे मोबाइल कुरिअरने इकडे धाडतात. पुण्याच्या गार खोलीत जे ॲप महिनाभर ठणठणीत चालते ते मालवणात एका दुपारीत आपले सगळे दोष कबूल करते. मधे तर एका मुलीला इकडे पाठवायचे घाटत होते, फक्त ॲप पाडण्यासाठी. ती आली. तिने ॲप पाडले, तारकर्लीही पाहिली आणि खर्चाच्या तपशिलात इसवणीचे जेवण ‘चाचणी साहित्य’ म्हणून दाखवले. मंजूर झाले.

तीन डम्प मात्र अजून कोणाला उलगडलेले नाहीत. तिन्ही वीज जाऊन परत येण्याच्या मधल्या काही सेकंदांतले आहेत. वाय-फाय मेलेले, इन्व्हर्टर अजून जागा व्हायचा. परवा पुण्याहून फोन आला. साहेब स्वतः होते. “अहो, तुमच्याकडे लाइट साधारण कधी जाते? पुढच्या आवृत्तीची चाचणी आपण त्या वेळेला लावू. कॅलेंडरवर टाकतो.” वेळ मागितली आहे तर काहीतरी द्यायलाच हवी. ‘वारा सुटला की’ असे मी कळवले. तशी नोंद कॅलेंडर घेत नाही म्हणून त्यांनी सध्या रोज दुपारी साडेतीनची वेळ धरली आहे. लाइट आता साडेतीनला सोडून दिवसभर कधीही जाते.